क्राउन ग्राफिक ४ बाय ५ : वापरानंतरचा अनुभव (आणि सोबत थोडं वागीश्वरी या भारतीय कॅमेऱ्याबद्दल)

गेल्या दिवाळीच्या सुमारास ग्राफ्लेक्सचा पेसमेकर क्राउन ग्राफिक कॅमेरा घेतला, मध्ये अख्खा उन्हाळा आणि पावसाळा गेला, आणि आता त्याच्याबद्दल सविस्तर लिहावं इतका तो हाताखालून गेलाय. लार्ज फॉरमॅट, म्हणजे मोठ्या सुट्या फिल्मचा कॅमेरा घ्यायचा विचार करणारे बरेच जण "पहिला कुठला घेऊ" विचारतात, त्यांना हे उपयोगी पडेल. माझं मत आधीच सांगतो : भारतात राहून, स्वतःच्या पैशानं, स्वतःच्याच बाथरूममध्ये नेगेटिव्ह धुऊन जर ४ बाय ५ इंचाच्या फिल्मवर काम करायचं असेल तर क्राउन ग्राफिकसारखा दुसरा कॅमेरा नाही, फक्त घेताना पैसे डब्यावर घालवू नका, भाता (लेन्स आणि डबा यांच्यामधली घड्यांची पिशवी), शटर आणि होल्डर (फिल्मची शीट भरायची चपटी चौकट) यांच्यावर घाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला ग्राफ्लेक्स कंपनी होती. त्यांचा स्पीड ग्राफिक १९१२ पासूनचा, आणि पुढे कित्येक वर्षं तिकडच्या पेपरवाल्या फोटोग्राफरांच्या हातात हाच असायचा. वीजी नावाचा फोटोग्राफर रात्री न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर हाच घेऊन फिरायचा, इवो जिमा बेटावर अमेरिकन सैनिक झेंडा रोवतानाचा जो रोझेंथलचा १९४५ चा फोटो सगळ्यांनी बघितलेला असतो तोही स्पीड ग्राफिकवरचा. आपल्याकडे फोटो-पत्रकार होमाई व्यारावाला, मुंबईच्या जेजेत शिकलेल्या, दिल्लीत त्यांनी जे काम केलं त्यातही स्पीड ग्राफिक होता. १९४७ ला पेसमेकर मालिका आली, त्यात स्पीडला भिंगातल्या शटरशिवाय मागेही एक कापडी पडद्याचं शटर, आणि क्राउनला ते मागचं शटर नाही. म्हणून क्राउन हलका आणि सडपातळ, दोन किलोच्या थोडासा वर. १९७३ पर्यंत बनत होते म्हणजे सगळ्यात नवा तुकडाही आज पन्नाशी ओलांडलेला आहे, हे घेताना डोक्यात असू द्या.

मागचं शटर नाही याचं मला कधी वाईट वाटलं नाही. ते पडद्याचं शटर ज्यात स्वतःचं शटर नाही अशा जुन्या पितळी लेन्स लावायला मस्त, पण ते कापड इतक्या वर्षांनी कडक झालेलं असतं आणि दुरुस्त करणारा माणूस आपल्याकडे शोधत बसावं लागतं. क्राउनमध्ये बिघडण्यासारखं फार काही नाहीच, महोगनीचं खोकं, वर कातडं, पुढे उघडणारी पाटी आणि तिच्यावरचे रूळ.

आता घेताना काय बघायचं ते नीट सांगतो, कारण विकणारे सगळे "मिंट" लिहितात आणि फोटोत कातडं चकचकीत दिसतं, पण कातड्यानं फोटो निघत नाही. पहिलं म्हणजे भाता. पूर्ण अंधार करा, भाता पूर्ण ओढा, मोबाईलचा टॉर्च आत धरा आणि बाहेरून घड्यांचे कोपरे बघा, तारे चमकल्यासारखे ठिपके दिसले तर तिथून प्रकाश आत येणार. दोन-चार ठिपके असले तर काळ्या लवचीक रंगानं बुजतात, पण सगळे कोपरेच विरलेले असले तर नवीन भाता बसवावा लागणार असं धरूनच किंमत करा. दुसरं, शटर. एक सेकंदावर लावून ऐका, जुनं तेल सुकून घट्ट झालेलं असतं त्यामुळे हळू स्पीड रेंगाळतात, माझ्याचंही एक सेकंद जवळजवळ दोन सेकंद चालायचं, ते उघडून साफ करून घेतल्यावर सरळ झालं. वरचा स्पीड १/४०० लिहिलेला असतो पण तो तेवढा कधीच मिळत नाही असंच समजून चाला, निगेटिव्ह फिल्मला त्यानं काही बिघडत नाही. तिसरं, मागची बाजू ग्राफलॉक आहे का ते विचारा. हे १९४९ नंतरच्यावर येतं, साध्या स्प्रिंगच्या बॅकमध्ये शीटचे होल्डर जातात पण ग्राफलॉक असेल तर फोकस बघायची काच काढून तिथे १२० रोल फिल्मची बॅकही अडकवता येते, आणि महागडी शीट वाया न घालवता सराव करायला ती फार कामाची.

आणि चौथी गोष्ट, जी कुणीच सांगत नाही. काही क्राउनमध्ये घासलेल्या काचेच्या आतल्या बाजूला एक रेघारेघांची प्लास्टिकची फ्रेनेल असते, चित्र उजळ दिसावं म्हणून. आधीच्या मालकानं जर ती काढून टाकली असेल किंवा काच फुटल्यावर दुसरी कशीतरी बसवली असेल तर काचेची जागा सरकते, मग काचेवर फोकस कडक दिसतो आणि फिल्मवर मऊ येतो, आणि माणूस लेन्सला दोष देत बसतो. तपासायला सोपं आहे, टेबलावर तिरकी मोजपट्टी ठेवा, लेन्स पूर्ण उघडी ठेवून एका आकड्यावर फोकस करा, एक शीट काढा, तोच आकडा धारदार आलाय का बघा. ही एक शीट खर्च करा म्हणजे पुढच्या पन्नास वाचतील.

फ्लॅशगन सोबत मिळेल या आशेवर राहू नका. १९७७ च्या एका हॉलिवूड सिनेमात प्रकाशाच्या तलवारीची मूठ म्हणून ग्राफ्लेक्सच्या फ्लॅशची दांडी वापरली गेली, तेव्हापासून ती दांडी वेगळी आणि बऱ्याच चढ्या भावानं विकली जाते.

माझ्यावर १३५ मिमीची ऑप्टार लेन्स आहे, एफ ४.७. बऱ्याच जणांच्यावर त्याच फोकल लेंथची झेनार किंवा १२७ ची कोडॅक एक्टार असते. तिन्ही चांगल्या, एफ १६ ते २२ ला तर काही बोलायलाच नको. ४ बाय ५ ची नेगेटिव्ह ३५ मिमीच्या तेरा-चौदा पट मोठी असते त्यामुळे लेन्स थोडी साधी असली तरी चालून जातं, दगडाचा पोत, नऊवारीच्या काठाची वीण, आजोबांच्या हातावरच्या शिरा हे सगळं असं उतरतं की आपण घेताना ते पाहिलंही नव्हतं. उणीव एकच, या लेन्सचं प्रकाशाचं वर्तुळ ४ बाय ५ ला जेमतेम पुरतं, पुढचा भाग वर सरकवला की कोपरे काळे व्हायला लागतात.

आणि हेच क्राउनचं खरं मर्यादित अंग आहे. वाईच्या घाटावर देवळाचं शिखर सरळ उभं घ्यायचं तर कॅमेरा वर न तिरकावता लेन्स वर सरकवायची, म्हणजे भिंती एकमेकींकडे झुकत नाहीत, यासाठीच तर लार्ज फॉरमॅट. पण क्राउनची बॅक फिरत नाही. शिखराला उभी चौकट हवी, मग कॅमेरा आडवा झोपवून त्याच्या कुशीतल्या दुसऱ्या ट्रायपॉडच्या भोकावर बसवायचा, आणि मग 'वर' सरकवायची सोय बाजूला जाते आणि बाजूची जी थोडीशी सरकते ती आपल्याला वर म्हणून वापरावी लागते. छोट्या देवळाला पुरतं, मोठ्या शिखराला मागे मागे जावं लागतं. पुढे झुकवायचं, म्हणजे पायाशी असलेल्या पायऱ्यांपासून पलीकडच्या काठापर्यंत सगळं एका प्रतलात धारदार करायचं (हे शाइमफ्लुगचं तत्त्व, ऑस्ट्रियन लष्करातल्या माणसाच्या नावाचं), तर क्राउनची लेन्स मूळ रचनेत फक्त मागे झुकते, म्हणून पुढची पाटीच खाली पाडायची आणि लेन्स वर उचलून घ्यायची. जमतं, सवय झाली की पटकन जमतं. पण तुमचं मुख्य काम वास्तूंचं असेल तर क्राउन घेऊ नका, फिरत्या बॅकचा लाकडी फील्ड कॅमेरा किंवा सरळ मोनोरेल (एका दांडीवर पुढेमागे सरकणारा कॅमेरा) बघा, मोनोरेल स्वस्तही मिळतात, फक्त पाठीवर घेऊन गड चढता येत नाही.

गड चढायला क्राउन म्हणजे वरदान आहे. बंद केला की डबा, सॅकमध्ये जॅकेटात गुंडाळून टाका, लेन्स आतच. वर गेल्यावर उघडा, लेन्स रुळावरच्या खुणेपर्यंत ओढा, तयार. रेंजफाइंडर (अंतरावरून फोकस जुळवायची सोय) नीट जुळवलेला असेल तर हातात धरूनही पोर्ट्रेट काढता येतात.

प्रकाश मोजताना एक गोष्ट अंगवळणी पडायला हवी. जवळची वस्तू घेताना भाता जितका ओढाल तितका प्रकाश कमी होतो. समईचा क्लोजअप घेताना १३५ ची लेन्स आणि भाता १९० मिमीपर्यंत ओढलेला, म्हणजे जवळजवळ दुप्पट एक्स्पोजर, एक पूर्ण स्टॉप. खिशात शिंप्याची टेप ठेवतो मी, अंदाज करत नाही. आणि वाड्यातल्या अंधाऱ्या माजघरात मीटर दहा सेकंद सांगत असेल तर एचपी ५ ला (ही इलफर्डची कृष्णधवल फिल्म) वीस द्या, लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते, इलफर्डच्या माहितीपत्रकाप्रमाणेच हे आकडे येतात.

आता फिल्म, कारण शेवटी सगळं तिथेच अडतं. इलफर्डची एचपी ५, एफपी ४, चेक देशातली फोमापॅन, हे सगळं बाहेरून येणार, किंमत ऐकून शिकणारा माणूस शटर दाबायलाच घाबरतो, आणि जो घाबरतो तो शिकत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की सुरुवात एक्स-रे फिल्मवर करा. आठ बाय दहा इंचाचा हिरव्या प्रकाशाला संवेदनशील असा बॉक्स घ्या, एका शीटचे चार तुकडे होतात, एका ४ बाय ५ चा खर्च चहाच्या कपाच्या आसपास येतो. पण घेताना दुकानदाराला नीट विचारा, हल्ली बहुतेक दवाखान्यांत डिजिटल मशीनची ड्राय फिल्म चालते, ती उष्णतेनं छापायची असते, आपल्याला तिचा शून्य उपयोग, आपल्याला डेव्हलपर-हायपोत धुवायची जुनी ओली फिल्म हवी. ती अजून मिळते, पण दिवसेंदिवस कमी होतेय.

चार तुकडे नुसते केले तर होल्डरमध्ये घट्ट जातात, कारण ४ बाय ५ ची खरी फिल्म नावापेक्षा जराशी लहान असते, तेव्हा दोन्ही कडा किंचित छाटा. या फिल्मच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाला संवेदनशील लेप असतो, ओला असताना तो सायीसारखा मऊ होतो आणि नख लागलं तरी ओरखडा. ट्रेच्या तळाला काच ठेवा आणि एका वेळी एकच शीट धुवा, घाई करू नका. मी ती ८० आयएसओ धरून वापरतो, रोडिनल डेव्हलपर पाण्यात एकास शंभर, आणि सगळ्यात मोठा आनंद म्हणजे हे सगळं लाल दिव्यात चालतं. खरी एचपी ५ पूर्ण अंधारात, चाचपडत, कोपऱ्यातल्या खाचा उजव्या हाताला वर आल्या म्हणजे लेप आपल्याकडे, असं बोटांनी ओळखत भरावी लागते. इथे तुम्ही चित्र उमटताना बघता, झालं वाटलं की काढता. शिकायला याहून चांगली शाळा नाही.

मात्र या फिल्मला लाल रंग दिसत नाही. लाल ते काळं, निळं आकाश ते पांढरं. आजीच्या कपाळावरचं कुंकू ठसठशीत काळं येतं, लाल लुगडं काळं, उन्हात रापलेला चेहरा आणखी गडद आणि सुरकुत्या खोल. जुन्या अल्बममधले आपल्या पणजी-पणजोबांचे फोटो असेच दिसतात ना, त्यातलं बरंचसं याच्यामुळे, तेव्हाच्या प्लेटांनाही लाल दिसायचा नाही. मला पोर्ट्रेटला हे फार आवडतं. ढगांच्या लँडस्केपला अजिबात नाही, त्यासाठी एफपी ४ आणि पिवळा फिल्टर.

पाण्याचं सांगायलाच हवं. पुस्तकातले सगळे वेळ २० अंशांचे, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्या टाकीतलं पाणी तीसच्या वर. बर्फ घालून एकदा खाली आणलं तरी धुवायचं पाणी गरमच येतं आणि लेप सुटायला लागतो. मी उन्हाळ्यात माठातलं पाणी वापरतो आणि रात्री उशिरा धुतो, एवढ्यानं काम भागतं. पावसाळ्यात उलटा त्रास, लेन्सला बुरशी आणि कातड्यावर पांढरी बुरी. सिलिका जेलचा हवाबंद डबा हवाच, आणि भाता आठवड्याला एकदा ओढून हवेशीर ठेवा, दुमडून महिनाभर ठेवलात तर घड्या चिकटतात.

याच काळात सांगलीकडच्या एका बंद झालेल्या स्टुडिओतून वागीश्वरी मिळाला, फुल प्लेट, साडेसहा बाय साडेआठ इंच. हा आपला भारतीय कॅमेरा, केरळात अलप्पुळाला करुणाकरन यांनी बनवलेला. त्यांच्या घरात वाद्यांचं काम, एका फोटोग्राफरनं कॅमेऱ्याचा भाता दुरुस्तीला दिला आणि तिथून कॅमेरे बनवण्यापर्यंत मजल गेली, आणि मग देशभरातल्या स्टुडिओंत हे सागवानी-पितळी कॅमेरे पोचले. माझ्या वागीश्वरीचा भाता फाटलेला होता, तो मी मिरजेच्या एका पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडे नेला, त्यांनी हातात घेऊन दोनदा उघडमीट केली, "पेटीच्या भात्याला वारा धरायचा, याला उजेड, बाकी काम तेच" म्हणाले आणि आतून काळं कापड, बाहेरून कातडं असा सुंदर भाता करून दिला. इतका चांगला भाता क्राउनचाही नाही.

वागीश्वरीला शटर नाही, टोपण काढायचं आणि लावायचं. ओसरीच्या सावलीत, एक्स-रे फिल्मवर, एफ ३२ पर्यंत आवळलं की एक-दोन सेकंद येतात, ते हातानं बरोबर जमतं. माणसं त्या दोन सेकंदांत अशी स्थिर बसतात, थेट बघतात, तसा चेहरा मोबाईलला कधी मिळत नाही. पण हा घेऊन बाहेर जाणं म्हणजे दोन माणसांचं काम, म्हणून रोजच्या वापराला क्राउनच. गोळा करायचा म्हणून कुणी वागीश्वरी घेत असेल तर जरूर घ्या, पण भिंतीशी दिवा लावून 'अँटिक' म्हणून ठेवायला नको, त्याला काम करू द्या.

स्कॅनला मी चांगला फ्लॅटबेड वापरतो, पण खरं सांगायचं तर ४ बाय ५ ची नुसती कॉन्टॅक्ट प्रिंट (नेगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेली), तळहाताएवढी, हीच मला सगळ्यात समाधान देते.

ज्यांच्या गावात एखादा जुना स्टुडिओ बंद होतोय त्यांना एक विनंती, भंगारवाल्याच्या आधी जाऊन या, आणि कॅमेऱ्याच्याही आधी होल्डर मागा. क्राउनचे होल्डर कुठल्याही ४ बाय ५ ला चालतात आणि जगभर मिळतात, पण या लाकडी स्टुडिओ कॅमेऱ्यांचे होल्डर ज्या त्या कॅमेऱ्याच्या मापाचे, एकाचे दुसऱ्याला बसत नाहीत. कॅमेरा शोभेचा म्हणून कुणीतरी जपून ठेवतं, होल्डर मात्र माळ्यावर पोत्यात असतात आणि घर झाडताना पहिल्यांदा तेच बंबात जातात.