घरात रेडिओ खरखरतो: जागा बदलावी, तार ओढावी की लूप बांधावा?

आमच्या घरचा रेडिओ बिघडला, असं दोनदा ठरलं. दोन्ही वेळा दुरुस्तीवाल्याने दुकानात लावून दाखवला तर स्वच्छ वाजला. घरी आणला की पुन्हा खरखर. आप्पांचा सकाळचा शेतीचा कार्यक्रम त्यात बुडून जायचा. रेडिओ तोच होता, जळगाव केंद्रही तेच, मीडियम वेव्हवर 963 किलोहर्ट्झचं. बदललं होतं ते घर. धाब्याच्या जागी स्लॅब आला, स्लॅबमध्ये लोखंडी सळया आल्या, आणि खाली एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर.

म्हणून काही विकत घेण्याआधी किंवा बांधण्याआधी एक करा. रेडिओत सेल घालून तो शेतात न्या, जिथे जवळून विजेची तार जात नाही अशा जागी. तिथे हवं ते स्टेशन स्पष्ट लागलं, तर दोष घरात आहे. मग घरी येऊन रेडिओ सुरू ठेवा आणि मेन स्विच पाडा. खरखर एकदम थांबली, तर ती तुमच्याच एखाद्या दिव्यातून किंवा चार्जरमधून येते. एकेक उपकरण सुरू करत गेलं की चोर सापडतो. आमच्याकडे तो देवघरातला छोटा दिवा निघाला. खरखर थांबूनही स्टेशन नीट न लागता नुसतं मंद ‘सूं’ उरलं, तर मात्र सिग्नलच कमी आहे. दोन्हींवर उपाय वेगळे.

पहिला पर्याय फुकटचा: रेडिओ फिरवणं. मीडियम वेव्हला बाहेर ओढायची दांडी उपयोगाची नसते, ती एफएम आणि शॉर्ट वेव्हसाठी. मीडियम वेव्ह पकडते ती आतली, तार गुंडाळलेली फेराइटची काळी कांडी. कांडीचं टोक ज्या दिशेला असेल तिकडचं सगळ्यात कमी ऐकू येतं, आणि कांडीची लांब बाजू जिकडे असेल तिकडचं सगळ्यात जास्त. धुळ्याकडून जळगाव जवळपास सरळ पूर्वेला, साधारण 80 किलोमीटर. तेव्हा कांडी उत्तर-दक्षिण हवी. रेडिओ खिडकीत ठेवून एवढं केलं तरी पुष्कळांचं काम भागेल. भागलं तर पुढचं काही करू नका.

दुसरा पर्याय म्हणजे लांब तार. जुन्या लोकांची आवडती. लिंबापासून घरापर्यंत 15–20 मीटर तार ताणायची, खालचं टोक रेडिओभोवती कांडीच्या जागी आठ-दहा वेढे देऊन जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधायचं. मळ्यातल्या घरासाठी, जिथे वीज अधूनमधूनच असते, याच्यासारखं दुसरं नाही. आपली काळी जमीन पावसाळ्यात उत्तम अर्थिंग देते. उन्हाळ्यात भेगा पडल्या की सळईपाशी पाणी ओतावं लागतं. पण गावात, घराला घर लागून असेल तिथे ही तार शेजारपाजारच्या सगळ्या चार्जरांची घरघरही तितक्याच प्रेमाने गोळा करते. शिवाय वीज. मृगाच्या आधीच्या वादळात अशी तार घरात आलेली असणं सरळ धोक्याचं आहे. आभाळ दाटलं की ती बाहेरच सोडवून ठेवली पाहिजे, आणि हे रोज आठवणीने होणार नसेल तर तार ओढूच नये.

तिसरा, लूप, म्हणजे चौकटीवर गुंडाळलेले तारेचे वेढे. माझा कौल याला, आणि कारण आवाज वाढतो एवढंच नाही.

पावणेतीन फुटी लाकडी पट्ट्यांची फुली करा, किंवा दोन फूट बाजूचं पुठ्ठ्याचं मजबूत खोकं घ्या. प्रत्येक बाजू साधारण 60 सेंटिमीटरची धरून 13 वेढे द्यायचे, दोन वेढ्यांत अर्धा सेंटिमीटर अंतर. तार लागते 31–32 मीटर. ती खानदेशात शोधावी लागत नाही. पंपाच्या मोटारी भरणारा प्रत्येक गावात आहे, त्याच्याकडे इनॅमलची तांब्याची तार मिळते. टोकांवरचं इनॅमल ब्लेडने नीट खरवडा, नाहीतर जोड लागल्यासारखा दिसतो पण लागत नाही. दोन्ही टोकं गँग कंडेन्सरला, म्हणजे रेडिओत स्टेशन लावताना फिरतो त्या भागाला, जोडायची. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओतला, पत्र्यांचा मोठा गँग मिळाला तर उत्तम. त्याचा 365 पिकोफॅरडचा एक भाग वापरला तर मीडियम वेव्हचा 531 किलोहर्ट्झपासून वरचा पूर्ण पट्टा एवढ्याच वेढ्यांत बसतो. पॉकेट रेडिओतला प्लॅस्टिकचा गँग असेल तर त्याचे दोन्ही भाग एकत्र जोडा, आणि खालची स्टेशनं लागेनात तर दोन-चार वेढे वाढवा.

रेडिओला एकही तार जोडायची नाही. रेडिओ लूपच्या मध्याजवळ, कांडी लूपच्या आरपार जाईल असा ठेवा, स्टेशन लावा आणि गँग हळूहळू फिरवा. एका जागी आवाज एकदम उसळतो. तीच जागा.

लूपची कड ज्या दिशेला, तिकडचं स्टेशन जोरात. पण ही जोराची दिशा ढोबळ असते, दहा-वीस अंश इकडेतिकडे झाले तरी कळत नाही. लूपचं तोंड जिकडे असतं तिकडची ‘मुकी’ दिशा मात्र अगदी धारदार. म्हणून लूप स्टेशनसाठी फिरवू नका, खरखरीसाठी फिरवा. लूप आणि रेडिओ एकत्र वळवत जा; शेजारच्या सोलर इन्व्हर्टरची घरघर जिथे दबते तिथे थांबा. स्टेशन थोडं कमी होईल, पण ऐकू येईल. लांब तारेला हे कधीच जमणार नाही.

त्याला मर्यादाही आहेत. खरखर आणि स्टेशन एकाच रेषेत असतील तर लूप दुसऱ्या खोलीत हलवावा लागतो. भुसावळकडे रेल्वेच्या 25,000 व्होल्टच्या तारेशेजारी घर असेल तर आवाज एका बिंदूतून येत नाही, मैलभर पसरलेल्या तारेतून येतो, आणि मुकी दिशा बोथट होते. तिथे लूपवर फार भिस्त ठेवू नका.

विकतचा तयार लूप याच तत्त्वावर चालतो. तो लहान आणि सुबक असतो, पण लहान असल्यानेच सिग्नल कमी गोळा करतो. ज्याला हाताने काही करायचं नाही त्याने घ्यावा. मोबाइलवर ‘न्यूज ऑन एअर’ ॲपवर आकाशवाणी निर्मळ ऐकू येते, हेही खरं. शहरात राहणाऱ्या मुलासुनेला तेच बरं. पण तोरणमाळकडच्या पाड्यावर, जिथे रेंज एका दगडावर उभं राहून मिळते, किंवा रात्री पाणी भरताना बांधावर, दोन सेलवर महिनोन्महिने चालणारा रेडिओच सोबत करतो. आणि रात्री तर दूरची केंद्रंही येतात. दिवसा आकाशातला जो थर मीडियम वेव्ह गिळतो, तो सूर्य मावळल्यावर विरतो.

आमचा लूप आता ओसरीत खुंटीला टांगलेला आहे, दोरीवर फिरेल असा. गँगच्या बोंडीवर जळगावसाठी मी पेन्सिलने खूण केली, म्हणजे आप्पांना शोधावं लागू नये. पहिल्या दिवशी ते बराच वेळ ऐकत बसले. मग म्हणाले, “आते सफा ऐकू येस.” आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतले दोघं माप घ्यायला आले.