कोंबडी द्या, मीठ घ्या : व्हॅले क्रूसिसचे मास्ट जनरल स्टोअर

अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्याच्या पश्चिमेकडे, बून या गावापासून जवळच, व्हॅले क्रूसिस नावाची एक लहानशी वस्ती आहे. तेथे राज्य महामार्ग क्रमांक १९४ ला अगदी लागून पांढऱ्या लाकडी फळ्यांची एक जुनी इमारत उभी आहे आणि तिच्यात १८८३ साली सुरू झालेले मास्ट जनरल स्टोअर आजही चालते. शार्लट आणि रॅली परिसरातील मराठी मंडळी ऑक्टोबरात पानांचे रंग पाहण्यासाठी या डोंगरांत येतात, तेव्हा बहुतेकांच्या यादीत हे दुकान असते. मात्र गोड गोळ्यांची पिशवी भरून आणि दारापुढे छायाचित्र काढून परतणाऱ्याला या दुकानाचा अर्धाच भाग दिसतो, असे माझे मत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेतील खेड्यात व्यवहार कसा चालत असे, हे समजून घ्यायचे असेल, तर फडताळांकडे पाहण्याआधी येथील जमीन पाहावी.

या लाकडी जमिनीत एक झडप आहे. शेतकऱ्याने आणलेल्या जिवंत कोंबड्या दुकानदार मोजून घेत असे आणि या झडपेतून खाली, तळघरातील खुराड्यात सोडत असे. त्यांच्या किमतीइतके मीठ, साखर, कॉफी, कापड किंवा खिळे शेतकऱ्याला मिळत. एवढी साधी ही योजना आहे. पण दुकानात जपलेल्या सगळ्या जुन्या वस्तूंपेक्षा मला ती अधिक बोलकी वाटली. आजच्या ग्राहकाच्या मनात दुकान म्हणजे विकणारी जागा असते. त्या काळचे जनरल स्टोअर मात्र विकण्याइतकेच विकत घेण्याचेही ठिकाण होते. किंबहुना आजूबाजूच्या शेतांत आणि रानात जे पिकत होते, त्याला बाहेरच्या बाजारापर्यंत नेणारा पहिला माणूस हा दुकानदारच होता. पायलीभर ज्वारी दुकानात घालून तेल-मीठ आणण्याची रीत ज्यांनी आपल्याकडच्या खेड्यांत पाहिली किंवा घरात ऐकली असेल, त्यांना ही झडप समजावून सांगावी लागणार नाही.

दुकानाचा मालकी-इतिहास थोडक्यात असा आहे. हेन्री टेलर यांनी ते सुरू केले, १८९७ मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. मास्ट यांनी त्यात निम्मी भागी घेतली आणि १९१३ मध्ये ते पूर्ण मालक झाले. पाळण्यापासून शवपेटीपर्यंत सर्व काही येथे मिळते अशी या दुकानाची ख्याती होती, आणि तिच्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती, कारण शवपेट्या येथे खरोखरच विकल्या जात. पुढे मोटारी आणि मोठी दुकाने आल्यावर खेड्यातील दुकानांचे जे व्हायचे तेच याचेही झाले. १९७० च्या दशकात ते बंद पडले, १९७९ मध्ये जॉन आणि फे कूपर या दांपत्याने ते विकत घेतले आणि १९८० मध्ये पुन्हा उघडले. आता त्याच्या दहाहून अधिक शाखा आहेत. त्यांपैकी शहरांतील शाखा नीटनेटक्या असल्या, तरी या परीक्षणाचा विषय मूळचे दुकानच आहे.

कोंबड्या आणि अंडी हा व्यवहाराचा दृश्य भाग झाला. या डोंगरांत उतारावरच्या जमिनीवर मका, राय नावाचे गव्हासारखे धान्य, बकव्हीट (कुट्टू) आणि कोबी होत असे, सफरचंदांच्या फोडी वाळवून ठेवल्या जात आणि कुरणांवर गुरे पोसली जात. परंतु रोख पैशाच्या जवळ जाणारा माल शेतापेक्षा रानातून अधिक येई. जिनसेंग या औषधी वनस्पतीची मुळे हे त्याचे उत्तम उदाहरण. अ‍ॅपलाचियन डोंगरातील कुटुंबे शरद ऋतूत ती खणून, वाळवून दुकानात देत आणि दलालांच्या साखळीतून ती थेट चीनपर्यंत जात. गॅलॅक्स नावाच्या रानवनस्पतीची चकचकीत पाने फुलांच्या सजावटीसाठी आणि पुष्पचक्रांसाठी उत्तरेकडच्या शहरांत पाठवली जात. १९०० मध्ये स्थापन झालेल्या बूनच्या विलकॉक्स कंपनीचा औषधी मुळ्या, साली आणि पाने विकत घेण्याचा मोठा व्यवसाय होता. चेस्टनट या रानातल्या झाडाचे खाण्याजोगे दाणे पोत्यांनी गोळा होत, आणि अनेक घरांत मुलांचे हिवाळ्यातले बूट त्यातूनच येत. १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रथम आढळलेला बुरशीजन्य रोग पुढे दक्षिणेकडे सरकला आणि काही दशकांत या डोंगरांतील चेस्टनटची जवळजवळ सगळी मोठी झाडे मरून गेली. एका झाडाबरोबर किती घरांची दुकानातली पत गेली असेल, याची कल्पना या जमिनीवर उभे राहिल्यावर अधिक नीट येते.

पत हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण वस्तुविनिमयाइतकाच उधारीचा व्यवहार मोठा होता. दुकानदार वही ठेवी, वर्षभर माल देई आणि शरदात हिशेब करी. या उबदार लाकडी दुकानात शेगडीजवळ उभे राहून हा सगळा काळ गोड वाटू लागतो, आणि तेथेच ग्राहकाने थोडे सावध व्हावे. व्हॅले क्रूसिसच्या डोंगरात बहुतेक शेतकऱ्यांची स्वतःची लहान जमीन होती आणि एकाच नगदी पिकावर सारे अवलंबून नव्हते, म्हणून दुकानाशी असलेले त्यांचे नाते तुलनेने बरोबरीचे होते. डोंगर उतरून कापसाच्या सपाट प्रदेशात, म्हणजे दक्षिण कॅरोलायना, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी येथे गेले, की असेच दिसणारे दुकान वेगळेच काम करी. तेथे दुकानदार न पेरलेल्या कापसावर बोजा चढवून बी, खत आणि धान्य उधार देई, एकाच वस्तूचे रोखीचा आणि उधारीचा असे दोन भाव लावी, आणि कापूस निघाल्यावर कुळाच्या हाती बहुधा पुढच्या वर्षीचे कर्जच उरे. त्या कुळांत गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांची आणि त्यांच्या मुलांची संख्या फार मोठी होती, आणि वहीत काय लिहिले आहे हे विचारण्याची सोय त्यांना क्वचितच होती. याच कापसाचा आणि आपल्या सावकारी कर्जाचा जुना संबंध आहे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेचा कापूस अडकला, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो कोसळला, आणि पुढे कर्ज व शेतसाऱ्याच्या ओझ्याखाली आलेल्या पुणे-अहमदनगर भागातील शेतकऱ्यांनी १८७५ मध्ये सावकारांची कर्जखते जाळली. जनरल स्टोअर पाहताना हे मनात ठेवले, तर एका डोंगरी दुकानावरून साऱ्या दक्षिणेचे चित्र रंगवण्याची चूक होत नाही.

दुकानाच्या आतच टपाल कार्यालय आहे, जुन्या टपालपेट्या आहेत आणि गावातील लोक आजही तेथे आपली पत्रे घेतात. पर्यटक याचे कौतुक करतात ते योग्यच आहे. परंतु या मांडणीतला विरोधाभास माझ्या दृष्टीने अधिक रंजक आहे. खेड्यांत घरोघरी टपाल पोहोचवण्याची योजना अमेरिकेत १८९६ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झाली आणि १९०२ मध्ये कायम झाली. त्याच टपालाने शिकागोच्या सिअर्स आणि माँटगोमेरी वॉर्ड या कंपन्यांच्या जाडजूड सूचीपुस्तिका खेड्यापाड्यांत पोहोचल्या. १ जानेवारी १९१३ पासून पार्सल टपाल सुरू झाले, तेव्हा देशभरच्या खेड्यांतील दुकानदारांनी त्याला कडाडून विरोध केला होता, कारण आता शिकागोहून नांगराचा फाळ किंवा घरची घागर थेट शेतकऱ्याच्या दारात येणार होती. मास्ट यांनी दुकानाची पूर्ण मालकी घेतली तेही वर्ष १९१३ च. म्हणजे आपल्याच छपराखालच्या खिडकीतून आपल्याच स्पर्धकाचा माल लोकांच्या हाती पडतो, अशा स्थितीत खेड्यातल्या दुकानदाराला तगून राहायचे होते. आणखी एक बाजू सांगायला हवी. दक्षिणेतील अनेक गावांत गोऱ्या ग्राहकांचे सारे आटोपेपर्यंत कृष्णवर्णीय ग्राहकाला ताटकळत ठेवले जाई आणि काय घ्यावे, किती घ्यावे यावरही दुकानदाराची नजर असे. टपालाने मागवलेल्या मालाला मात्र घेणाऱ्याचा रंग माहीत नसे, आणि त्या सूचीपुस्तिकेचे मोल कृष्णवर्णीयांसाठी निराळेच होते.

प्रवासाचा विषय या दुकानापासून वेगळा काढता येत नाही, कारण आलेला प्रत्येक खिळा आणि गेलेले प्रत्येक मूळ याच वाटांनी हलले आहे. रेल्वे १८८० च्या दशकात डोंगराच्या दोन्ही बाजूंना पोहोचली होती, एकीकडे लेनोरला आणि दुसरीकडे टेनेसीहून क्रॅनबेरीच्या लोखंडाच्या खाणीपर्यंत. मधल्या डोंगरात मात्र बैलगाडी, घोडागाडी आणि चिखल हाच आधार होता. क्रॅनबेरीकडची तीन फुटी अरुंद मार्गाची गाडी १९१९ पर्यंत बूनला आली, आणि ऑगस्ट १९४० च्या महापुरात बूनकडचा तिचा मार्ग वाहून गेला तो पुन्हा घातला गेला नाही. तिचे १२ क्रमांकाचे, १९१७ साली बांधलेले इंजिन आज ब्लोइंग रॉकजवळच्या ट्वीट्सी रेलरोड या मनोरंजन उद्यानात मुलांना फिरवते. या दुकानाबरोबर तेही पाहिले तर दोन्हींचा संबंध जुळतो. फक्त तेथील खोट्या दरोडेखोरांच्या नाटकाकडे काणाडोळा करावा. दुकानापासून जवळच मास्ट कुटुंबाच्या दुसऱ्या शाखेचे शेत आहे. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभापासून सखल भागातल्या उन्हाळ्याला कंटाळून आलेले पाहुणे उतरत असत. त्या घरच्या जोसेफिन मास्ट यांनी हातमागावर विणलेले काम १९१३ मध्ये व्हाइट हाउसच्या एका खोलीसाठी गेले होते. शेती, पाहुणचार आणि विणकाम एकाच घरात चाले, आणि मीठ-साबण या दुकानातून.

आता आजच्या खरेदीविषयी. दुकान दाट भरलेले आहे, वाटा अरुंद आहेत आणि पायाखालच्या फळ्या करकरतात. कपडे, बूट, बिडाचे तवे, मुलामा दिलेली भांडी, जुन्या धर्तीची खेळणी, मुरंबे आणि मध असा माल आहे. बिडाचा तवा घेण्याजोगा असतो, पण तो अमेरिकेत कोठेही मिळतो आणि विमानाच्या सामानात फार जड होतो. सावरवुड या झाडाच्या फुलांचा मध मात्र याच डोंगरांचा असतो आणि मिळाल्यास जरूर घ्यावा. जात्यावर भरडलेल्या मक्याची कणी, जिला येथे ग्रिट्स म्हणतात, तिची भाकरी थापण्याच्या फंदात पडू नये. ती सांज्यासारखी मंद आचेवर भरपूर पाण्यात शिजवावी, वरून तूप आणि मिरेपूड घातली तर उत्तम लागते. सोर्घमची काकवी रंगाने आपल्या काकवीसारखीच, पण चवीला किंचित आंबूस आणि तीव्र असते. ती उसाची नसून ज्वारीच्याच कुळातील गोड धाटांच्या रसाची असते, हे सांगितले की पाहुणे चकित होतात. पिंपांत भरलेल्या, वजनावर विकल्या जाणाऱ्या गोळ्या मुलांना खेचतातच. शाकाहारी कुटुंबांनी मऊ गोळ्यांत जिलेटिन आहे का, हे विचारून घ्यावे. कॉफी पाच सेंटांना मिळते आणि पैसे आपण होऊन डब्यात टाकायचे असतात. कॉफी बेताचीच असते, पण त्या भावात तक्रार करण्याचा अधिकार कोणाला उरत नाही.

खरेदीची ही बाजू पुरेशी समाधानकारक असली, तरी जुन्या अर्थाने हे आता जनरल स्टोअर राहिलेले नाही. आजूबाजूच्या शेतकऱ्याला रोजच्या गरजेसाठी येथे यावे लागत नाही आणि दुकानालाही त्याची कोंबडी नको आहे. येथे येणारा ग्राहक मुख्यतः पर्यटक आहे, आणि मालाची निवड व किंमत त्याच्याकडे पाहूनच ठरते. यात मला गैर काही वाटत नाही, कारण तसे केले नसते तर ही इमारत गेल्या शतकातच पडली असती. फक्त मुलांना घेऊन जाणाऱ्या आईवडिलांनी गोळ्यांच्या पिंपांकडे जाण्याआधी त्यांना झडप आणि टपालपेट्या दाखवाव्यात, कारण पिशवी हाती आल्यावर ती ऐकत नाहीत.

शार्लटहून गाडीने साधारण अडीच तास लागतात. ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी गाडी लावायला जागा मिळणे कठीण असते, तेव्हा शक्य असल्यास मधल्या वारी सकाळी लवकर जावे. त्याच रस्त्यावर थोडे पुढे दुकानाचा दुसरा भाग आहे. ती इमारत एके काळी प्रतिस्पर्धी दुकानाची होती, आणि गोळ्यांचा मोठा साठा तेथेच आहे. वटॉगा नदीच्या या खोऱ्याला सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाच्या पुराने मोठा तडाखा दिला होता, आणि डोंगरातले रस्ते पावसाळी हवेत आजही बेभरवशाचे असतात. म्हणून निघण्यापूर्वी १९४ क्रमांकाच्या रस्त्याची आणि दुकानाच्या वेळेची चौकशी करून घ्यावी.