पुळण की पाखाडी?
साठीनंतर कंबर धरली म्हणून खाटेवर पडून राहिलात तर ती आणखी आखडते. चालायचं, पण कुठे?

गुहागरची पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू, मऊ. मात्र कोरड्या वाळूत पाय रुततो, जवळपास दुप्पट ताकद जाते आणि कंबर भरून येते. ओहोटीला पाण्यालगतच्या ओल्या, घट्ट पट्ट्यावर चालावं. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, चहाही तसाच सरकवायचा! किनारा समुद्राकडे उतरता, म्हणून त्याच वाटेने परत यावं. दोन्ही पायांना सारखा उतार मिळतो.

जांभ्या दगडाच्या पाखाडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवर, चढणं काहींना सोसतं, उतरताना गुडघे बोलतात. पावसाळ्यात शेवाळ, तेव्हा नकोच. माझं मत पुळणीला. पाय बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर दोन्ही सोडून तडक डॉक्टर.