क्षयरोगाच्या संशोधनासाठी प्राणी निवडताना: उंदीर, गिनी पिग, ससा, झेब्राफिश आणि माकड यांची तुलना

क्षयरोगावर काम सुरू करणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यापुढे पहिल्याच वर्षी प्रश्न येतो की प्रयोग कोणत्या प्राण्यावर करायचे. बहुतेक ठिकाणी त्याचे उत्तर विचार होण्यापूर्वीच ठरलेले असते, कारण संस्थेच्या प्राणिगृहात उंदीर असतात, उंदरांसाठी लागणारी रसायने फ्रीजमध्ये तयार असतात आणि मार्गदर्शकांचे आधीचे शोधनिबंधही उंदरांवरचेच असतात. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात असताना ही निवड केवळ सोयीवर सोडणे मला योग्य वाटत नाही. पुढील तुलना अशा विद्यार्थ्यासाठी आणि त्याच्या प्रस्तावावर निर्णय देणाऱ्या समितीच्या सदस्यांसाठी आहे.

तुलना कोणत्या आजाराशी करायची आहे, हे आधी स्पष्ट हवे. क्षयजंतू शरीरात शिरलेली बहुसंख्य माणसे कधीच आजारी पडत नाहीत. आयुष्यभरात साधारण ५ ते १० टक्के लोकांनाच रोग होतो. ज्यांना तो होतो त्यांच्या फुप्फुसात जंतू गिळणाऱ्या महाभक्षक पेशींच्या गाठी, म्हणजे ग्रॅन्युलोमा, तयार होतात. त्यांतील काही गाठींचा मध्यभाग मरतो आणि चक्क्यासारखा मऊ व पांढरट होतो, तो वितळला की फुप्फुसात पोकळी पडते, आणि त्या पोकळीत वाढलेले असंख्य जंतू खोकल्यावाटे बाहेर पडतात. सुप्त संसर्ग, मृत केंद्राची गाठ, पोकळी आणि हवेतून प्रसार या चारही गोष्टी सहज व स्वस्तात दाखवणारा प्राणी उपलब्ध नाही. त्यामुळे आपला प्रश्न या चारपैकी कोणत्या अवस्थेविषयी आहे, हे ठरल्याशिवाय प्राण्याचा विचारच करता येत नाही.

उंदराची बाजू भक्कम आहे आणि ती नीट मांडली पाहिजे. हवा तो जनुक काढून टाकलेले वंश, प्रत्येक पेशीप्रकार ओळखणारी प्रतिपिंडे आणि कमी जागेत मोठे गट ठेवण्याची सोय या तिन्ही गोष्टी एकत्र फक्त येथेच मिळतात. इंटरफेरॉन-गॅमा या रोगप्रतिकारक पेशींच्या संदेशवाहक प्रथिनाचा जनुक नसलेले उंदीर क्षयजंतूंपुढे टिकत नाहीत, हे १९९३ मध्ये दिसले. १९९६ मध्ये याच इंटरफेरॉनच्या ग्राहकात, म्हणजे त्याचा संदेश झेलणाऱ्या पेशीवरील रेणूत, जन्मजात दोष असलेली मुले मायकोबॅक्टेरियाच्या, म्हणजे क्षयजंतूंच्या कुळातील जंतूंच्या, गंभीर संसर्गांना बळी पडतात, हे माणसात आढळले. टीएनएफ या प्रथिनाबाबतचा अनुभव तर अधिक ठसठशीत आहे. ते नसेल तर उंदीर क्षय रोखू शकत नाही, असे १९९५ मध्ये दाखवले गेले, आणि संधिवातासाठी टीएनएफ अडवणारे इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या रुग्णांमध्ये क्षयरोग उफाळून येत असल्याचा अहवाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. पायराझिनामाइड हे औषधही आपल्याला उंदरामुळेच मिळाले, कारण नेहमीच्या तटस्थ माध्यमात, परीक्षानळीत, ते जंतूंवर जवळजवळ काहीच परिणाम करत नाही. म्हणून संरक्षण कोणत्या पेशीमुळे वा कोणत्या रेणूमुळे मिळते, असा प्रश्न असेल तर उंदीर निवडण्यात कोणतीही तडजोड नाही.

अडचण औषधांच्या चाचणीत येते. प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरले जाणारे सी५७बीएल/६ आणि बाल्ब/सी हे वंश मृत केंद्राच्या गाठी तयार करत नाहीत. त्यांच्या फुप्फुसातले जंतू मुख्यतः पेशींच्या आत राहतात, तर माणसात औषधांना सर्वांत चिवट ठरणारे जंतू त्या मृत, पेशीविरहित भागात असतात. नेहमीच्या उपचारांतील आयसोनियाझिड या औषधाच्या जागी मॉक्सिफ्लॉक्सॅसिन दिले तर उपचारांचा काळ कमी होतो, असे उंदरांत स्पष्ट दिसले होते. त्या आधारावर झालेल्या मोठ्या मानवी चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले तेव्हा चार महिन्यांचे उपचार घेतलेल्या रुग्णांत रोग परत उलटण्याचे प्रमाण अधिक निघाले. मॉक्सिफ्लॉक्सॅसिन गाठीच्या कडेच्या पेशींत साठते, पण मृत केंद्रात कमी झिरपते, हे नंतर रुग्णांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या फुप्फुसांच्या तुकड्यांवरून कळले. अपयशाचे ते एकमेव कारण आहे असे म्हणता येत नाही, परंतु ज्या प्राण्यात असे केंद्रच नाही तो हा इशारा देऊ शकला नसता, हे उघड आहे. उंदराविषयी सरसकट अविश्वास मात्र येथे चुकीचा ठरेल. रिफापेंटिन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन असलेला चार महिन्यांचा उपचार २०२१ मध्ये माणसात यशस्वी ठरला, आणि रिफापेंटिनचे बळही आधी उंदरांतच दिसले होते.

याच कारणासाठी औषधांवर काम करणाऱ्याने सी३एचईबी/एफईजे या वंशाचा विचार अवश्य करावा. या उंदरांत मृत केंद्राच्या, प्राणवायू कमी असलेल्या गाठी तयार होतात. बाल्ब/सी उंदरांत प्रभावी दिसणारे क्लोफाझिमिन या वंशात, गाठी पक्व झाल्यावर सुरू केले तर, फारसे चालत नाही. एकाच औषधाचे दोन वंशांतील निष्कर्ष शेजारी ठेवले की औषध गाठीत कुठे कमी पडते, याचा अंदाज बांधता येतो. मात्र या वंशात एका उंदरापासून दुसऱ्यात बराच फरक पडतो, म्हणून गट मोठे घ्यावे लागतात आणि खर्च वाढतो.

गिनी पिगचा क्षयरोगाशी असलेला संबंध फार जुना आहे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयजंतूंचा शोध जाहीर केला, त्यामागे गिनी पिगवरील प्रयोगांचा मोठा आधार होता. अगदी थोड्या जंतूंनीही या प्राण्याला संसर्ग होतो, गाठींचे केंद्र माणसासारखेच मरते आणि ट्यूबरक्युलिनला, म्हणजे क्षयजंतूंपासून बनवलेल्या चाचणीद्रव्याला, त्याची त्वचा माणसासारखी प्रतिक्रिया देते. त्याच्या या संवेदनशीलतेचा सर्वांत सुंदर उपयोग बाल्टिमोर येथे झाला. क्षयरुग्णांच्या वॉर्डमधील हवा नळांतून गिनी पिगच्या कक्षात सोडली असता त्यांना संसर्ग झाला, आणि हा रोग हवेतून पसरतो याचा ठोस पुरावा १९५९ आणि १९६२ मधील निबंधांतून मिळाला. बीसीजीपेक्षा सरस लस शोधणाऱ्याला आजही गिनी पिग टाळता येणार नाही. उलट बाजू अशी की त्याच्या रोगप्रतिकारक पेशी ओळखणारी प्रतिपिंडे थोडी आहेत, जनुक काढलेले वंश सहज मिळत नाहीत, आणि एकदा संसर्ग झाला की तो प्राणी सुप्तावस्थेत न राहता हळूहळू रोगानेच मरतो. लसीमुळे तो अधिक दिवस जगला एवढे कळते, पण का जगला हे सांगणे अवघड जाते.

गिनी पिगबाबत भारतीय संशोधकाने एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. १९६० च्या सुमारास मद्रासच्या क्षयरोग उपचार केंद्रात, म्हणजे आजच्या चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेत, उपचारांपूर्वी रुग्णांकडून घेतलेले अनेक जंतू गिनी पिगला टोचले असता ब्रिटनमधील जंतूंच्या तुलनेत सौम्य ठरले. ते जंतू माणसांना पुरेसे आजारी करत होते, याचा पुरावा ते रुग्ण स्वतःच होते. गिनी पिगमधील तीव्रता हा माणसातील तीव्रतेचा थेट मापक नाही, हे त्यातून दिसते. प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या एच३७आरव्ही या एकाच वाणावर सगळे निष्कर्ष उभे करणेही त्यामुळेच धोक्याचे आहे. आपल्याकडील रुग्णांमधील किमान एक वाण प्रयोगात असावा, असा माझा आग्रह आहे.

सशाविषयी थोडक्यात सांगता येते. फुप्फुसात पोकळी कशी पडते, हा प्रश्न असेल तर लहान प्राण्यांत ससाच उपयोगी आहे, विशेषतः गोवंशीय क्षयजंतू वापरल्यास. मानवी क्षयजंतूंच्या बऱ्याच वाणांना तो दाद देत नाही आणि संसर्ग आटोक्यात आणतो, पण एचएन८७८ सारख्या वाणाने त्याला दीर्घकाळ वाढत जाणारा रोग होतो. आटोक्यात येणारा आणि वाढत जाणारा अशा या दोन प्रकारच्या वाणांची तुलना हाच एक चांगला प्रयोग ठरतो. पोकळी हा प्रश्न नसेल तर सशाची जागा, खर्च आणि देखभाल यांचे समर्थन करणे कठीण आहे.

झेब्राफिशला फुप्फुस नाही आणि तिच्यात वापरला जाणारा जंतू क्षयजंतू नसून त्याचा जवळचा नातलग मायकोबॅक्टेरियम मरिनम आहे. हे वाचून हा पर्याय बाजूला ठेवावासा वाटेल, परंतु तिची पिल्ले पारदर्शक असतात, आणि जिवंत प्राण्यात गाठ तयार होताना पेशीन् पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येणे ही सोय इतर कोठेही इतक्या सहजपणे मिळत नाही. गाठ म्हणजे जंतूंना कोंडणारी तटबंदी, असे पूर्वी मानले जात असे. सुरुवातीच्या काळात ती गाठच नव्या महाभक्षक पेशींना बोलावून जंतूंचा प्रसार वाढवते, हे २००९ मध्ये ललिता रामकृष्णन यांच्या गटाने या माशात दाखवले. याच माशातून पुढे आलेल्या एलटीए४एच या जनुकाचा आणि क्षयजन्य मेंदूज्वरात डेक्सामेथासोन या दाह कमी करणाऱ्या औषधाच्या उपयोगाचा संबंध व्हिएतनाममधील रुग्णांत दिसला, पण नंतरच्या सर्वच अभ्यासांत तो तितका ठळक राहिला नाही. पिल्लांमध्ये पहिले काही आठवडे टी-पेशींची प्रतिकारशक्ती विकसित झालेली नसते, म्हणून लसीच्या अभ्यासासाठी पिल्ले निरुपयोगी आहेत. मरिनमसाठी क्षयजंतूंइतकी कडक जैवसुरक्षा लागत नाही, ही गोष्ट मर्यादित साधने असलेल्या विद्यापीठ विभागांसाठी निर्णायक ठरू शकते, आणि अशा विभागांनी तिचा लाभ घ्यावा असे मला मनापासून वाटते.

माकड माणसाच्या सर्वांत जवळ येते. सायनोमोल्गस या जातीच्या माकडांना थोडे जंतू दिले तर साधारण निम्म्यांना रोग होतो आणि उरलेल्यांत संसर्ग सुप्त राहतो. एकाच माकडाच्या फुप्फुसात काही गाठी जंतुमुक्त होतात आणि शेजारच्या गाठी वाढत राहतात, हे पिट्सबर्गमधील अभ्यासांतून कळले. बीसीजी शिरेतून दिल्यास ऱ्हीसस या दुसऱ्या जातीच्या माकडांत दहापैकी नऊ प्राण्यांना भक्कम संरक्षण मिळते, हा २०२० मधील निष्कर्ष लससंशोधनाला नवी दिशा देणारा होता. तरीही पहिल्या प्रयोगासाठी माकड मागणारा प्रस्ताव मी मान्य करणार नाही. त्यासाठी लागणारी उच्च जैवसुरक्षेची प्राणिगृहे भारतात मोजकीच आहेत, गट लहान ठेवावे लागतात आणि अशा मोठ्या प्राण्यांसाठी संस्थेच्या समितीपलीकडे केंद्रीय समितीची परवानगी लागते. त्यापेक्षा महत्त्वाचे कारण असे की इतक्या संवेदनशील, कळपात राहणाऱ्या प्राण्याला संसर्ग देण्यापूर्वी त्या प्रश्नाचे उत्तर खालच्या पायरीवर खरोखर मिळत नाही, हे सिद्ध झालेले असले पाहिजे.

प्राण्यांना पर्याय शोधणे, त्यांची संख्या कमी करणे आणि त्यांचा त्रास कमी करणे ही रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वे येथे व्यावहारिकही आहेत. औषध मृत केंद्रात किती झिरपते, हा प्रश्न आता शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी ऊतींवर बऱ्याच अंशी सोडवता येतो, आणि औषधांच्या मान्यतेसाठी प्राण्यांशिवायच्या पद्धतींना वाव देणारी दुरुस्ती भारताच्या नियमांत २०२३ मध्ये झाली आहे. लसीमुळे मिळणारे संरक्षण किंवा उपचार थांबल्यावर रोग उलटणे यांसाठी मात्र अजून जिवंत प्राणीच लागतो.

औषधांचा प्रस्ताव असेल तर समितीने उलटण्याच्या चाचणीविषयी नक्की विचारावे. उपचार संपताच फुप्फुसातील जंतू मोजून थांबणारा प्रयोग रुग्णाला महत्त्वाचा असलेला प्रश्न विचारतच नाही. औषध बंद करून सुमारे तीन महिने थांबावे आणि मगच किती उंदरांत जंतू परतले ते पाहावे. त्या प्रतीक्षेसाठी लागणारे जादा उंदीर आणि प्राणिगृहातील जागा सुरुवातीच्याच अर्जात धरावी, कारण मध्यावर ती वाढवून मिळणे अवघड असते.