सिंगापूर ते न्यूयॉर्क: एका दमात की वाटेत थांबून?

या दोन शहरांमधलं अंतर भिंतीवरच्या नकाशावर बघू नका, फसाल. पृथ्वीगोल घ्या आणि दोरा ताणून धरा. रेखांशांच्या हिशेबाने दोन्ही शहरं जवळजवळ पाठीला पाठ लावून बसली आहेत, त्यामुळे दोरा चक्क उत्तर ध्रुवाजवळून जातो. अंतर भरतं सुमारे १५,३४० किलोमीटर.

ताशी ९०० किलोमीटरने भागलं तर १७ तास येतात. प्रत्यक्षात विनाथांबा विमानाला साधारण साडेअठरा तास लागतात, कारण ते दोऱ्यावरून जात नाही. न्यूयॉर्कला जाताना ते बहुधा पॅसिफिकवरून जातं. किलोमीटर वाढतात, पण पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह, म्हणजे उंचावरचा वेगवान वारा, पाठीशी मिळतो.

आता थांब्याची वाट. फ्रँकफर्टमार्गे अंतर होतं सुमारे १६,४५० किलोमीटर आणि टोकियोमार्गे १६,२००. म्हणजे वळसा फार तर तास-सव्वा तासाचा! तरीही फ्रँकफर्टमार्गे दिवस-रात्र मिळून जवळजवळ २४ तास जातात. पश्चिमेला जाताना वारा समोरून येतो, चढणं-उतरणं दोनदा होतं, वर मधला थांबा. टोकियोमार्गे वारा मदतीला असतो. जोडविमान दोन तासांत मिळालं तर २२ तासांत पोहोचता येतं. ते सहा तासांनी असेल तर मात्र सगळा फायदा विमानतळाच्या बाकावर संपतो.

पण खरा निर्णय घड्याळावर होतच नाही, तो आसनावर होतो. सिंगापूर एअरलाइन्स या विनाथांबा मार्गावर २०१८ पासून एअरबस ए३५०-९००यूएलआर (अतिलांब पल्ल्यासाठी बनवलेलं विमान) वापरते. त्यात फक्त १६१ आसनं: ६७ बिझनेस, ९४ प्रीमियम इकॉनॉमी. साधी इकॉनॉमी नाहीच. इतक्या लांब उडायचं तर इंधनाचं ओझं प्रचंड, म्हणून माणसं कमी. याआधी २००४ ते २०१३ हाच मार्ग चार इंजिनांच्या ए३४०-५०० वर चालला आणि इंधनखर्च न झेपल्याने बंद पडला. तेव्हा इकॉनॉमीचंच तिकीट काढायचं असेल तर थांबा ठरलेलाच.

पैशांची अडचण नसेल आणि उतरल्यावर लगेच काम असेल, तर मी विनाथांबा घेईन. पाठ किंवा गुडघे कुरकुरत असतील, सोबत लहान मूल असेल, तर टोकियो. आधी सात तास, मग पाय मोकळे करून साडेबारा तासांची झोप (निदान तसा बेत तरी). दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं काढलीत आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसऱ्याचे पैसे सहसा बुडतात.

आणि ‘थेट’ या शब्दाला भुलू नका. फ्रँकफर्टला थांबणाऱ्या विमानाचा क्रमांक शेवटपर्यंत एकच असतो, म्हणून तेही ‘थेट’ म्हणून विकलं जाऊ शकतं. तिकीट काढताना थांब्यांच्या रकान्यात शून्य आहे का, तेवढं बघा.