ओपन सेशनचं ॲप: जानेवारीतल्या गड्डा यात्रेपासून दिवाळीपर्यंत वापरल्यावर

ॲपची मुदत जानेवारीत संपते, पण ‘आत्ताच रिन्यू करा, सवलत मिळवा’ हे मेसेज दिवाळीपासूनच सुरू झालेत. पैसे भरायचे की नाही हे क्लबात ठरवायचंय, म्हणून सविस्तर लिहितोय. ॲपचं नाव देत नाही, तक्रार अजून त्यांच्याकडे पडून आहे.

जुळे सोलापुरातल्या आमच्या क्लबची पिकलबॉलची (नेटवर पॅडलनं खेळायचा खेळ) ओपन सेशन, म्हणजे जो येईल त्यानं नंबर लावून खेळायची सत्रं, मी बघतो. तीन कोर्ट, सकाळी सहा ते आठ. उन्हाळ्यात आठनंतर कोर्टवर थांबवत नाही आणि बॉलही उन्हानं मऊ पडतो, त्यामुळे दोन तासांतला एकेक गेम मोलाचा. येणारे सगळ्या तऱ्हेचे: टेनिसमधून आलेले, कॉलेजची पोरं, गेल्याच महिन्यात पॅडल हातात धरलेले. नंबर कोणाचा यावरून रोज कुरबुर व्हायची, म्हणून ॲप घेतलं.

नावनोंदणी झकास. नंबर आपोआप लागतात. फोन बॅगेत असल्यामुळे ‘तुमचा कोर्ट तयार’ हा मेसेज कोणाला दिसत नाही, तेही मी चालवून घेतलं. पण चौघांच्या जोड्या हे ॲप रेटिंगच्या (कोण किती चांगला खेळतो त्याचा आकडा, जास्त म्हणजे मुरलेला) सरासरीवर लावतं, आणि माझं सगळं भांडण तिथं आहे.

हिशोब बघा. एका बाजूला 4.0 आणि 2.5, दुसऱ्या बाजूला 3.5 आणि 3.0. दोन्हीकडे बेरीज साडेसहा, ॲपच्या लेखी सामना बरोबरीचा. पण बॉल कोणाकडे मारायचा हे समोरची जोडी ठरवते! 2.5 वाल्याकडेच सगळे बॉल जाणार हे पहिल्या दोन पॉइंटांत कळतं. 4.0 वाला नुसता उभा राहतो, नाहीतर जोडीदाराच्या अंगावरून धावत जाऊन त्याचे बॉल घेतो. चौघांपैकी एकालाही खेळल्याचं समाधान नाही.

आमच्याकडे बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू येतात. किचनच्या, म्हणजे नेटजवळच्या पट्टीच्या, रेषेवर उभ्या होत्या, लागोपाठ चार बॉल त्यांच्या पायाशी आले. पाचव्याला त्यांनी पॅडल उचललंच नाही. “तुम्ही खेळा, मी बसते,” म्हणाल्या आणि खरंच बाहेर येऊन बसल्या. मारणाऱ्या पोराला विचारलं तर तो म्हणतो, “काका, पॉइंट तिथंच मिळतो, मग मारू कुठं?” त्याचं काय चुकलं? त्या चौघांना एकत्र ॲपनं आणलं होतं.

कस्टमर केअरला लिहिलं: सरासरी राहू द्या, पण चौघांत सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा यांच्यात किती फरक चालेल, तेवढी मर्यादा आम्हाला घालू द्या. उत्तर आलं, ‘आपली सूचना नोंदवली आहे.’ पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच वाक्य, स्वल्पविरामासकट. फोन नंबर नाहीच. वर्षाचे पैसे आधी घेताना मात्र दिवसातून दोनदा फोन होते.

शेवटी सुताराकडून प्लायचे दोन रॅक करून घेतले. खर्च ॲपच्या वर्गणीच्या पाव हिस्सासुद्धा नाही. नवशिक्यांच्या रॅकला हिरवी पट्टी, मुरलेल्यांच्या रॅकला लाल. आल्यावर आपलं पॅडल आपल्या रॅकमध्ये शेवटच्या खाचेत लावायचं. कोर्ट रिकामा झाला की पुढची चार पॅडल आत. एक कोर्ट हिरव्याचा, एक लालचा, तिसऱ्यावर दोन्हीकडची दोन-दोन पॅडल, पण तिथं जोडी हिरव्यासमोर हिरवा आणि लालसमोर लाल अशीच लावायची. दोन्ही बाजूंना एकेक नवशिका असला की एकट्यावर मारा होत नाही. काकू आता हिरव्यात असतात आणि तिसऱ्या कोर्टावरही आपणहून पॅडल लावतात.

जिंकणाऱ्यांनी कोर्टवर राहायचं ही पद्धतही बंद केली. मुरलेले आतच राहतात आणि नवशिके हरून पुन्हा रांगेत. बाहेर चार जण थांबलेले असले की चौघांनीही उतरायचं. थांबणारे कमी असले तरच जिंकलेली जोडी राहते, तीही फुटून एकमेकांसमोर.

रॅक आले तेव्हा ॲप काढूनच टाकायचं असं ठरलं होतं. पण पावसाळ्यात काही दिवस ॲपशिवाय काढले आणि माझं मत बदललं. कोण येणार हेच कळेना. अकरा पॉइंटांचा गेम साधारण पंधरा मिनिटं चालतो. तीन कोर्टांवर बारा जण खेळतात. अठरा आले तर कोणालाच फार थांबावं लागत नाही, चोवीस आले तर प्रत्येक गेमनंतर एक अख्खा गेम बसून काढावा लागतो. एका रविवारी त्याहून जास्त आले आणि होटगी रोडवरून आलेले दोघं न खेळताच परत गेले. त्याचं मला फार वाईट वाटलं. वीस नावं झाली की नोंदणी बंद, हे काम ॲपच नीट करतं. माणसानं नाही म्हटलं की रुसवे होतात, ॲपला कोणी रुसत नाही.

त्यामुळे क्लबात मी असं मांडणार आहे: आगाऊ नोंदणी मोफत प्लॅनमध्येही होते, तेवढीच ठेवायची. जोड्या रॅकवर. हिरव्यातून लालमध्ये कोण जाणार हे स्वतः सांगितलेल्या रेटिंगवर सोडायचं नाही, लालमधल्या दोघांनी सोबत खेळून बघायचं. वर्गणीचे वाचलेले पैसे बॉलला. कस्टमर केअरनं फरकाची मर्यादा दिली, तर पैसे भरायचा ठराव मीच मांडीन.