ॲडालिमुमॅब इंजेक्शन: वर्षभराच्या वापरानंतर

मला ॲन्किलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे, म्हणजे मणक्याचा दाहक संधिवात. पहाटे पाठ आखडून जाग यायची. उठून हालचाल सुरू केली की तासाभराने अंग थोडं मोकळं व्हायचं आणि आराम केला की पुन्हा जखडायचं. वेदनाशामक गोळ्या बदलून पाहिल्या तरी फरक पडेना, तेव्हा डॉक्टरांनी ॲडालिमुमॅब हे बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींपासून तयार केलेलं प्रथिनाचं औषध, सुचवलं. घाबरले होते. आता वर्षभरानंतर सांगते, सुईची भीती हा यातला सगळ्यात लहान भाग. आधीच्या तपासण्या आणि नंतरची शिस्त हेच खरं काम आहे.

शरीरात दाह पेटवणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे टीएनएफ-अल्फा. ॲडालिमुमॅब ही प्रतिपिंडं त्याला धरून निकामी करतात. २००२ च्या शेवटच्या दिवशी अमेरिकेत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी या औषधाला मान्यता मिळाली. पुढे सोरायसिस (त्वचेचा दाह), क्रोन्स (आतड्यांचा दाह), युव्हायटिस (डोळ्यांच्या आतला दाह) यांसाठीही ते वापरात आलं. दोन दशकांचा अनुभव पाठीशी असलेलं औषध आहे, याचा मला मोठा धीर वाटला.

क्षयरोगाच्या तपासणीबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण ती उरकून टाकायची गोष्ट आहे असं अनेकांना वाटतं. क्षयाचे जंतू कसलाही त्रास न देता वर्षानुवर्षं शरीरात दडून राहू शकतात. प्रतिकारशक्तीच्या पेशी त्यांच्याभोवती कोंडाळं करून त्यांना डांबून ठेवतात आणि ते कोंडाळं टिकवायला टीएनएफच लागतं. आपण तेच रोखलं तर जुना क्षय उसळू शकतो. म्हणून सुरुवातीआधी छातीचा एक्स-रे, क्षयासाठी रक्ताची किंवा त्वचेची चाचणी आणि हेपेटायटिस बीची तपासणी होते. दडलेला क्षय सापडला तर आधी त्याची प्रतिबंधक औषधं सुरू करतात. यात घाई करू नका, डॉक्टर घाई करत असतील तरी विचारा.

माझा डोस ४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी, मांडीत किंवा पोटावर. पोटावर घेताना बेंबीपासून ५ सेंटिमीटर लांब, आणि दर वेळी जागा बदलून. पेन (औषध आधीच भरलेलं इंजेक्शनचं साधन) फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, गोठू द्यायचं नाही, हलवायचं नाही. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवलं तर झोंबत नाही. गरम पाण्यात धरून कोमट करू नये. जुन्या प्रकारात सायट्रेट असतं, त्याने आग होते. सायट्रेट नसलेलं पेन मिळालं तेव्हा फरक लगेच जाणवला. तुमच्या पेनमध्ये काय आहे ते फार्मासिस्टला जरूर विचारा. क्लिक ऐकू आल्यावर लगेच पेन उचलू नका. खिडकीतला रंग पूर्ण भरेपर्यंत तसंच दाबून धरा.

गुण यायला वेळ लागतो. पहिल्या काही इंजेक्शनांनंतर मला फक्त रात्रीची झोप सुधारल्यासारखी वाटली. मग सकाळचा ताठरपणा हळूहळू ओसरला, सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारी चाचणी) खाली आला. औषध लागू पडतंय की नाही, हे साधारण १२ आठवड्यांनी ठरवतात. तोवर निराश होऊ नका. थकवा मात्र माझा पूर्ण गेलेला नाही. व्यायामही सुटलेला नाही, सुटूही नये. औषध दाह थांबवतं, पाठीची लवचीकता आपणच कमवायची असते.

ताप, न थांबणारा खोकला किंवा चिघळलेली जखम असेल तर पुढचा डोस थांबवून आधी डॉक्टरांना फोन करायचा, हा आमच्या घरात पक्का नियम आहे. जिवंत विषाणूंच्या लसी, उदाहरणार्थ गोवर किंवा पीतज्वराची, या काळात घेत नाहीत. निष्क्रिय लसी चालतात. शस्त्रक्रिया किंवा दात काढणं असेल तर तिथल्या डॉक्टरांनाही हे औषध चालू असल्याचं सांगा.

काहींमध्ये शरीर या औषधाविरुद्धच प्रतिपिंडं तयार करतं आणि गुण ओसरतो. पुढच्या डोसच्या आधीचे दिवस पुन्हा जड जायला लागले तर ते तारखेसह लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. रक्तातली औषधाची पातळी मोजता येते. मला अजून तशी वेळ आलेली नाही. उलट दोन डोसमधलं अंतर वाढवता येईल का, यावर आता डॉक्टरांशी बोलणं सुरू आहे. एकदम बंद केलं तर अनेकांचं दुखणं परततं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय, त्यामुळे बंद करण्याचा विचार मी करत नाहीये.